लांबून घेतलेलं लग्न

तलासरी नाक्यावर उमेशचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर दहा बाय बाराचा गाळा, मागे निळा पडदा, एक कॉम्प्युटर आणि दारावर त्याचाच गॉगल घातलेला फोटो. पण एप्रिल-मे आला की डहाणू-घोलवडपासून पार अच्छाडच्या ढाब्यांपर्यंत आपल्यावाचून कुणाचं लग्न लागत नाही, असं तो स्वतः सांगायचा. उगाच कशाला नावं ठेवा, त्यातलं निम्मं तरी खरं होतं.

कारण माणूस कसा दाखवायचा हे उमेशला कळत होतं. नवरदेव बुटका असला की हा गडी सरळ मातीत पालथा पडायचा, कॅमेरा खालून वर धरायचा आणि पडद्यावर नवरदेव ताडाएवढा दिसायचा. मानपानावरून रुसलेल्या मामाला तो गच्चीवरून घ्यायचा. वरून घेतलं की केवढाही मामा एवढासा होतो, मग त्याचा राग कुणाला खरा वाटत नाही. नवरी निघाली की कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणि इतका जवळ, की पापणीवरचं पाणी आधी त्याला दिसे आणि मग तिच्या आईला. ज्या बायका रडत नसत त्यांचा तो आधी हात घ्यायचा, मग तोंड, मग पुन्हा हात, खाली सनई टाकायचा, आणि घरी बसून बघताना त्याच बाया स्वतःकडे बघून हुंदके द्यायच्या. "उमेशच्या कॅमेऱ्यात विहीणसुद्धा रडते," असं घोलवडला म्हणत, आणि हे ऐकलं की उमेशची कॉलर आपोआप ताठ व्हायची.

दुसरा कॅमेरा मनिषकडे असे. मनिष अच्छाडचा, चेकपोस्टजवळ त्याच्या घरच्यांचा चहाचा धंदा होता. दोघं बरोबरीचे, पण कॅमेऱ्यातलं उमेशला जास्त कळतं हे मनिष मान्य करायचा. हात त्याचा स्थिर होता. फक्त एक खोड होती: कुणाचं तोंड आवडलं की त्याच्यावरून कॅमेरा काढायचा नाही.

या दोघांच्या कामाला एक प्रेक्षक कायमचा होता, तो म्हणजे उमेशची आई, चिमी. ती घोलवडच्या एका वाडीत चिकू निवडायला जायची. सकाळी पाड्यावरून नेणारा टेम्पो संध्याकाळी नाक्यावर सोडायचा, आणि पाड्याकडे चालत निघण्याआधी ती घटकाभर स्टुडिओत टेकायची. चिकूचा चीक बोटांना लागलेला, पदराने घाम पुसत ती उमेशचं मिक्सिंग बघायची. मिक्सिंग म्हणजे घेतलेले तुकडे कापायचे, जोडायचे, गाणी लावायची. एकदा तिने विचारलं, "ही म्हातारी काहाला लांबून घेतलीस? बाकीच्या जवळून घेतल्यास नं?"

"आये, तिचं नि घरच्यांचं पटत नाही. ते बोलले, तिला जास्त दाखवू नको," उमेश माऊस फिरवत म्हणाला. "जवळून घेतलं की माणूस आपलं वाटतं. जे लोकांच्या नजरेत भरू नये, ते लांबून घ्यायचं. घेतलं पण म्हणायचं नि दाखवलं पण नाही."

"भारी हाय तुझा कॅमेरा," चिमी म्हणाली. तिला मनापासून कौतुक वाटलं होतं.

२०१८च्या जानेवारीत घोलवडच्या एका वाडीवाल्याच्या घरची माणसं फेब्रुवारीतल्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला स्टुडिओत आली. शेठ, शेठाणी, आणि कॉलेजात जाणारा भाचा. उमेशने नमुन्यादाखल जुनी लग्नं दाखवायला घेतली. दाखवता दाखवता बोट चुकलं आणि उधव्याकडच्या एका पाड्यावरचं लग्न सुरू झालं. मांडवात तीन जोडपी बसलेली. एक तरुण, एक मध्यमवयाचं, आणि तिसऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या मिशा पांढऱ्याशुभ्र, कपाळाला बाशिंग.

"अरे, आ तो डोसा-डोसी छे!" म्हातारा-म्हातारीला मांडवात बघून भाचा गुजरातीत खिदळला. "पोराच्या लग्नात आई-बापाचं लग्न? मग इतके दिवस काय चाललं होतं?"

शेठाणीने हसू पदरात दाबलं. शेठनी चष्मा वर करून उमेशकडे पाहिलं. आणि उमेश, ज्याच्या स्वतःच्या आई-बापाचं लग्न अजून लागायचं होतं, तो त्यांच्याबरोबर हसला. नुसता हसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तो म्हणाला, "हां, यांच्यात असतं तसं."

यांच्यात. आमच्यात नाही, यांच्यात. शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला काही वाटलं नाही. ऑर्डर पक्की झाली, तो खुशीत होता. लाज ही काही वेळेवर येणारी चीज नाही. ती आमच्याकडच्या एसटीसारखी, उशिरा येते आणि आली की पाय ठेवायला जागा ठेवत नाही.

मार्चमध्ये उमेशचं स्वतःचं लग्न ठरलं. मुलगी आशागडची, प्रगती नावाची, डहाणूला एका दवाखान्यात नर्स. बोलायला सरळ, दिसायला नीटस, आणि उमेशच्या गॉगलला न भुलणारी. दोन्ही घरची माणसं बसली, तारीख निघाली, आणि मग बुधीबाई बोलली. बुधीबाई पाड्यावरची धवलेरी. चौकापुढे बसून लग्नाची गाणी म्हणायची आणि लग्न लावायचं, हा मान तिचा. तिच्यापुढे सरपंचसुद्धा खाली बसून बोलतो.

"पोऱ्याचा लगीन लागंल, पण पहिला हाल्याचा नि चिमीचा," ती म्हणाली. "आईबापाचा नाय लागला तर पोऱ्याचा कसा लावू मी? एकाच मांडवात, सकाळी त्यांचा नि दुपारी पोऱ्याचा."

हाल्या, म्हणजे उमेशचा बाप, मान खाली घालून हसला. त्याने चिमीला घरी आणलं ते साल पिकाचं नव्हतं, लग्नाला पैसा नव्हता. पुढच्या साली करू म्हणाला, तर उमेश झाला. त्याच्या पुढच्या साली हाल्याचा बाप वारला. संसार होत गेला, लग्न तेवढं मागे राहिलं. पाड्यावर अशी जोडपी काही कमी नव्हती आणि त्यांना कुणी हसतही नसे. पण राहून गेलेलं लग्न बाईला कुठे टोचतं हे बाईलाच माहीत. अठ्ठावीस वर्षं चिमी दुसऱ्यांच्या लग्नात पाणी भरत आली, भात शिजवत आली. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायला बसल्या की मात्र ती आपोआप दाराबाहेर सरकायची. तिला कुणी जा म्हणत नसे. तिलाच कळायचं.

म्हणून बुधीबाई बोलली तेव्हा चिमी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती डोळे पुसून, तोंड धुऊन. त्याच आठवड्यात स्टुडिओत टेकली असताना ती उमेशला म्हणाली, "उम्या, मना एक पाहिजे."

"काय?"

"त्या शेठच्या पोरीचा घेतलास नं, पुरा तोंडच पडद्यावर, एवढा मोठा? तसा माझा घे. हळद लागंल, बाशिंग बांधतील, तवा. मी कशी दिसते ते बघायचाय मना." आणि ती अशी लाजली की उमेशनेच नजर वळवली.

"घेऊ की," तो म्हणाला.

तो म्हणाला खरा, पण त्याच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. यंदाचं आपलं लग्न हाच पुढच्या सीझनचा नमुना करायचा, असं त्याने ठरवलं होतं. फोटोग्राफरचं स्वतःचं लग्न म्हटल्यावर घोलवड-डहाणूची गिऱ्हाइकं तेच बघायला मागणार. आणि त्यात जर बाशिंग बांधलेला बाप आणि हळद लावलेली आई निघाली, तर शेठचा तो भाचा काय म्हणेल? त्या 'यांच्यात' आपणही येतो हे सगळ्यांना कळेल. नुसत्या कल्पनेने त्याचे कान तापले.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने मनिषला कामं वाटून दिली. प्रगती: क्लोजअप भरपूर. नवरदेव: खालून, स्लो मोशनमध्ये. चौक, बुधीबाई: व्यवस्थित. आणि मग जरा थांबून, "सकाळी आई-बाबांचं आहे. ते फक्त लाँग घे. अंगणातल्या आंब्यावर चढ, तिथून टॉप. नाहीतर मागून. तोंडं नकोत."

मनिषने मान वर केली. "आईंची पण नको?"

"नको म्हटलं ना."

"उमेश, एकच क्लोज घेतो. तुला मिक्सिंगमध्ये नको असेल तर टाकू नको."

"तू माझं लग्न शूट करतोयस, तुझं नाही," उमेश म्हणाला, आणि मनिष कॅमेऱ्याची बॅटरी तपासायला लागला.

लग्नाच्या सकाळी मांडवात जांभळीचा पाला हिरवागार होता. आतल्या भिंतीवर सवाशिणींनी चौक लिहिला होता आणि त्यापुढे बुधीबाई खणखणीत आवाजात गात होती. चिमीला आणि हाल्याला हळद लागली. बाशिंगं बांधली. आयाबाया थट्टा करत होत्या, "हाल्या, नीट बघून घे रे, हीच का ती?" आणि हाल्या बापडा खरंच वळून बघत होता. चिमी मात्र कॅमेरा शोधत होती. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. उमेश ओसरीच्या खांबाआड उभा होता; त्याला हे सगळं दिसत होतं. आंब्याच्या फांदीवर मनिष बसला होता, आणि वर आंब्यावर बघायचं चिमीला कसं सुचणार? कॅमेरा समोर असतो एवढंच तिला माहीत.

मध्येच केव्हातरी मनिष फांदीवर दिसेना. पण तेवढ्यात नवरीकडच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला, आशागडचं वऱ्हाड पोचलं, आणि उमेशला त्याच्या स्वतःच्या हळदीसाठी ओढून नेलं.

लग्न झकास झालं. नाचून नाचून पोरांनी अंगणाची धूळ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी उमेश स्टुडिओत गेला आणि कार्ड कॉम्प्युटरला लावून एकेक तुकडा बघू लागला. आंब्यावरून घेतलेले दोन तुकडे मिळाले, मनासारखे. मांडवाच्या पाल्याच्या फटीतून दोन डोकी, दोन पाठी, कोणाच्याही असाव्यात अशा. आणि मग एक तिसरा तुकडा उघडला. चिमीचं तोंड. अगदी जवळून, डोळ्यांच्या रेषेत, पडदाभर. गालांवर हळद, कपाळावर बाशिंग, बाजूने सकाळचं ऊन. नवरी. ही नवरी आहे हे सांगायला खाली नाव लिहायची गरज नव्हती.

मनिषने ऐकलं नव्हतं तर.

उमेशने तो तुकडा पुरता बघितलासुद्धा नाही. हळद बघितली, बाशिंग बघितलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. त्याने तो तुकडा पुसून टाकला. बाकीचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, कार्ड फॉरमॅट मारून मनिषच्या हातात दिलं. मनिष त्याच दुपारी डहाणूला दुसऱ्या लग्नाला गेला, आणि त्या कार्डावर दुसऱ्या कुणाची तरी हळद, दुसऱ्या कुणाची तरी वरात भरली. आता ते आणायचं म्हटलं तरी येणार नव्हतं.

मेच्या एका रविवारी दुपारी उमेशने लग्न दाखवायचं ठरवलं. स्टुडिओतला टीव्ही त्याने आणि मनिषने मोटरसायकलवर धरून पाड्यावर आणला. कुडाच्या घरात दार लोटलं की दिवसासुद्धा छान अंधार होतो. चिमीने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने स्वतः घरोघर जाऊन सांगितलं होतं, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बुधीबाईला पुढे बसवली होती, तिच्या शेजारी चिमी, मागे भिंतीला टेकून हाल्या. प्रगती दाराशी. मनिष टीव्हीच्या वायरी धरून कोपऱ्यात.

लग्न सुरू झालं. उमेशचं नाव सोनेरी अक्षरांत फिरत आलं. मग प्रगतीचे डोळे, प्रगतीच्या बांगड्या, प्रगतीचं हसू. "आगो, ही तर सिनेमातली!" बायका ओरडल्या. मग उमेश आला, खालून घेतलेला, मागे आभाळ, गॉगल, केस हळूहळू उडताहेत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चौक आला, बुधीबाई आली, तिने स्वतःला ओळखलं आणि खूश होऊन शेजारणीला ढोसलं. चिमी पुढे सरकून बसली होती. मांडवाची सकाळ पडद्यावर आली तेव्हा तिने पदर नीट केला, जणू पडद्यावरचीच तिच्याकडे बघणार होती.

वरून घेतलेला मांडव. पाल्याच्या फटीतून दोन डोकी. मग मागून दोन पाठी, मध्ये लोकांची गर्दी. एवढंच. पुढच्या क्षणी टेम्पोतून आशागडचं वऱ्हाड उतरायला लागलं आणि डीजेचं गाणं सुरू झालं.

"अगो थांब थांब," बुधीबाई म्हणाली. "चिमे, तू कठं गेलीस? तुझा लगीन कठं हाय?"

"येईल पुढे," कुणीतरी म्हणालं.

पुढे आलं नाही. पुढे जेवणं आली, नाच आला, रात्रीचे दिवे आले, प्रगती पुन्हा तीनदा आली. लग्न संपलं. मागून एका बाईने मोठ्याने विचारलं, "उम्या, आयसचा तोंड एकदा पण नाय घेतलास काय रे?"

उमेशच्या हातात रिमोट होता. त्याने उगीच एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि चिमीनेही बघितलं. ती काही कॅमेरा शिकलेली बाई नव्हती, पण संध्याकाळ संध्याकाळ मुलाच्या पाठीमागे बसून तिने पुष्कळ बघितलं होतं. कोणाला जवळून घेतात आणि कोणाला लांबून, आणि का, हे तिला कोणी नव्याने सांगायला नको होतं. उमेशला तिच्या डोळ्यांत दिसलं की तिला कळलंय. सगळं कळलंय. आता ही रडेल, आता ही सगळ्यांसमोर विचारेल, असं त्याला वाटलं, आणि एका अर्थी तिने विचारावं असंही वाटलं.

"मीच सांगितला त्याला," चिमी म्हणाली.

"काय सांगितलास?"

"माझा तोंड घेऊ नको म्हनून. या वयात बाशिंग बांधून बसायचा नि वर तोंड दाखवायचा? मना लाज वाटली. तो घेत होता, मीच नको बोलले."

"नको बोललीस?" बुधीबाईने कपाळावर हात मारला. "अठ्ठावीस वर्षं लगीन लगीन करत होतीस, नि लागला तवा लाजलीस? हाल्या, तुझी नवरी बघ रे, आथा लाजते!"

सगळं घर हसलं. आयाबाया चिमीला ढोसू लागल्या, कुणी तिचा पदर ओढून तोंडावर घेतला, कुणी म्हणालं पोऱ्याने एवढा कॅमेरा घेऊन काय उपेग, आयस अशी. आणि चिमी त्यांच्याबरोबर हसत होती. उमेशला एवढंच करायचं होतं: तोंड उघडायचं आणि म्हणायचं की तिने नाही, मी. तीन शब्द पुरले असते. तो रिमोट हातात धरून उभा राहिला. मनिष कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होता, आणि मग त्यानेही बघणं सोडलं आणि वायर गुंडाळायला लागला.

माणसं पांगल्यावर प्रगती त्याला विहिरीकडे घेऊन गेली. पाणी भरायचं होतं, पण तिने घागर खाली ठेवली.

"मनिषने मला सांगितलं," ती म्हणाली. "एक घेतला होता त्याने. तो कुठे आहे?"

"पुसला."

"का?"

उमेशने सांगितलं. शेठ, भाचा, नमुना, गिऱ्हाइकं. तोंडातून बाहेर पडताना प्रत्येक गोष्ट अशी हलकी निघत होती, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. एवढ्याशासाठी?

प्रगतीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आई-बाबांचं लग्न माझ्या ताईच्या मांडवात लागलं. दोघांचा बाशिंग बांधलेला फोटो आमच्या घरी लावलाय, दारातून आत आलं की समोरच. तू दहा वेळा आलास. कधी बघितला नाहीस?"

नव्हता बघितला. त्याने आठवून बघितलं: भिंत आठवली, खिळा आठवला, काचेवरची चमक आठवली आणि फ्रेम जरा वाकडी आहे हेसुद्धा आठवलं. फोटोत कोण होतं ते आठवलं नाही.

प्रगती घागर भरून निघून गेली. उमेश विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की कुणी तोंडात मारलं असतं तर बरं वाटलं असतं. आई-बापाची लाज वाटत होती तेव्हा निदान ती लपवता तरी येत होती. ही कुठल्या झाडावर चढून लपवणार?

सकाळी चिमी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. टेम्पो यायला वेळ होता. हिरवं लुगडं घडी करून दोरीवर टाकलेलं. उमेश तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आये, तू काल खोटं का बोललीस?"

"मग काय बोलू? माझा पोऱ्या मना लपवतो, असा बोलू?" तिने सूप थांबवलं नाही. आवाज चढा नव्हता. "मना वाईट वाटला, उम्या. लई वाईट वाटला. पन तुझ्याकडं सगळी बघत होती."

"आये, तुझा एक होता. जवळून. मनिषने घेतला होता, अगदी तू सांगितलास तसा. मीच पुसला."

आता मात्र सूप थांबलं. तांदळाचे दाणे कडेला येऊन राहिले. चिमीने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला वाटलं आता ती शिव्या देईल. तिने द्यायला हव्या होत्या. पण तिच्या तोंडावर वेगळंच काहीतरी आलं, अधाशासारखं.

"म्हंजे तू बघितलास," ती म्हणाली. "मी कशी दिसत होते रे?"

"छान दिसत होतीस."

"छान म्हंजे कशी? सांग नं नीट."

"हळद होती गालांना. या बाजूला जास्त. बाशिंग जरा कललं होतं. ऊन डाव्या अंगाने येत होतं, त्यामुळे नाकाची सावली..." तो थांबला.

"नि मी? हसत होते का रडत होते?"

उमेशने डोळे मिटले. पडदा आठवला, हळद आठवली, बाशिंगावरचा एकेक मणी आठवला. आईचे डोळे उघडे होते की मिटलेले, ओठ कसे होते, काही म्हणजे काही आठवेना. लोकांना काय दिसेल एवढंच त्याने बघितलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी नवरी झालेली आई पडदाभर समोर होती, आणि त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं. हसत होतीस, असं म्हणून टाकावं असं त्याच्या मनात आलं. जीभ उचलली नाही.

"नाही बघितलं मी," तो म्हणाला. "आये, मी बघितलंच नाही."

चिमीने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मनिषने बघितला असंल," ती म्हणाली. "तो बघत होता नं. त्याला इचार, नि मना येऊन सांग."

टेम्पोचा हॉर्न वाजला तशी ती सूप ठेवून, डबा घेऊन उठली. आपल्या आईचं तोंड तिच्या लग्नात कसं दिसत होतं, हे दुसऱ्याला विचारायला उमेश अच्छाडच्या रस्त्याला लागला.